सिद्धूचं जावळ

॥ श्री ॥

कोरेगाव, ता. ११ फेब्रुवारी १९४७

तीर्थरूप दादांस, विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही मिरजेहून सुखरूप पोचलो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही शेजारी उभे राहून ऐकलंत. पोटातली गाठ आता काढता येत नाही, पोराला घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा. मला गाडीत बसेपर्यंत त्याचा अर्थ लागला नव्हता.

सिद्धू तुमची आठवण काढतो. मामाच्या मिशा खोट्या आहेत, असं त्यानं सगळ्या आळीला सांगितलंय. पण तेवढं बोललं तरी दमतो. सगळ्यांत हाल केसांनी होतात. माझी आधीची दोन लेकरं गेली म्हणून सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी नवस बोलला होता, हा वाचला तर सातव्या वर्षी चैत्रात शिंगणापूरला जावळ काढू. जन्मापासून डोक्याला वस्तरा लागला नाही. आता घामानं गुंता होतो, मानेवर फोड आलेत, फणी लावली की किंचाळतो. कापूया म्हटलं तर हे ऐकत नाहीत. यांचं म्हणणं, केस देवाचे आहेत, ते घेतल्याबिगर देव पोराला नेणार नाही. दादा, मलाही तसंच वाटतं. मग तो रडतो आणि वाटेनासं होतं. काय करू ते कळवा.

वहिनींस नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली, विजू


॥ श्री ॥

सांगली, ता. १५ फेब्रुवारी १९४७

चि. सौ. विजयमाला हिस जोतिबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. मिशा ओढून बघायला खुशाल ये, असं भाच्याला सांग.

विजू, गोड बोलून तुला फसवत नाही. सिद्धू बरा होणार नाही. दवाखान्यात औषधं बांधण्यात माझी उमर गेली, तरी हे लिहिताना हात थांबला. त्याला बरं करणं आपल्याकडं राहिलं नाही. त्याला दुखू न देणं राहिलंय, आणि ते काम थोडं नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध तो कळवळायची वाट न बघता वेळच्या वेळी देत जा. तू ते राखून ठेवत असशील, मी तुला ओळखतो. घास नको म्हणाला तर कोंबू नकोस. ओठ ओल्या फडक्यानं टिपत राहा. मरणाचं विचारलं तर गप्प बस म्हणू नकोस, जवळ घे. आणि स्वतः दोन घास खा.

केसांचं मला विचारशील तर मी कापीन. पण लेकरू तुम्हा दोघांचं आहे. दाजींना वगळून काही करू नकोस.

सिद्धूला मुका. तुझ्या पाठीशी उभा,

जोतिबा


कोरेगाव, ता. १९ फेब्रुवारी १९४७

रा. रा. जोतिबाराव यांस, कृष्णाताचा रामराम.

तुमचं पत्र वाचलं. तुमची बहीण चुलीपुढं बसून वाचत होती, मी हातातून घेतलं. पोर बरं होणार नाही हे लिहायला तुमचा हात थांबला म्हणता, मग थांबूनच का राहिला नाही? पलटणीत असताना डॉक्टरांनी सोडून दिलेली माणसं उठून बसलेली मी पाहिलीत. चैत्रात बैलगाडीत गादी घालून सिद्धूला शिंगणापूरला नेणार. जावळाला मामाची मांडी लागते, तेवढ्याला तयार राहा. तोवर कात्री घेऊन माझ्या दारात येऊ नका.

राग आला तर येऊ द्या. मलाही आलाय.

कृष्णात


॥ श्री ॥

सांगली, ता. २३ फेब्रुवारी १९४७

रा. रा. दाजींस सप्रेम नमस्कार वि. वि.

रागावलात ते बरं झालं. कुणावर तरी रागवायला हवंच होतं, आणि मी लांब आहे. कात्री आणणार नाही. चैत्रात बोलवाल तिथं मांडी घालून बसेन.

एकच मागणं आहे. सिद्धूचे केस विंचरायची वेळ झाली की तुम्ही उसाला पाणी बघायला निघता. हे विजूनं लिहिलेलं नाही, मागल्या खेपेला मी पाहिलंय. त्याचं रडणं तुम्हाला सोसत नाही, हे मला कळतं. तरी एकदा फणी तुम्ही धरा. नंतर जे ठरवाल त्यात मी तुमच्या बाजूनं आहे, शिंगणापूर म्हणालात तरी.

थोरला म्हणून बोललो. पोटात घ्यावं.

जोतिबा


कोरेगाव, ता. २७ फेब्रुवारी १९४७

रा. रा. जोतिबाराव यांस रामराम.

काल फणी धरली. पोरानं हूं की चूं केलं नाही. ओठ चावून रक्त काढलं. आईपुढं रडतोस, माझ्यापुढं का रडत नाहीस, असं विचारलं. तर म्हणाला, "आबा, तुमी भ्याल म्हून."

शिंगणापूर होत नाही. केरबा न्हाव्याला सांगून ठेवलंय, जावळ घरीच काढू. मामाची मांडी लागते. मिळेल त्या गाडीनं निघा.

कृष्णात


कोरेगाव, ता. २४ मार्च १९४७

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

दुखवट्याला येऊन गेलात, पण माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाही. तुमच्या मांडीवर जावळ काढलं त्यानंतर सिद्धू पहिल्यांदा उशीला गाल लावून निजला. उठला की डोक्यावरून हात फिरवायचा. यांची पलटणीतली टोपी मागून घेतली, ती नाकापर्यंत यायची. औषध वेळेवर दिलं, राखून ठेवलं नाही. गेला तो सकाळी, यांच्या मांडीवर. रडला नाही.

भावकीतल्या बायका माझ्या तोंडावर म्हणाल्या, देवाचं ठिकाण सोडून जावळ काढलं म्हणून पोर गेलं. हे ऐकून घेतात, उठून मळ्यात जातात. परत आले की मला विचारतात, केस ठेवले असते तर? मी म्हणते, ठेवले असते तर रडत गेला असता. ते मान हलवतात. दुसऱ्या दिवशी मीच तेच विचारते, आणि तेच उत्तर ते मला देतात.

असं चाललंय, चालेलही. पण कधी कधी दोघांनाही एकाच वेळी विचारायचं असतं. तेव्हा घरात तिसरं माणूस लागतं. दादा, रजा मिळाली की या.

विजू