तुझ्या वेबसाइटवरचं माझं मरण

तौहीद,

तुझ्या घरी बिर्याणीचं बोलावणं होतं आणि मी अकोल्याहून वलगावला आलो नाही. तू लगेच तुझ्या वेबसाइटवर टाकलंस, "आमचा दोस्त देवमन कालकथित झाला. लेकाचा सोताच्या मातीलेही उशिराच येईल." गावाची, चहाची, आम्हा दोस्तांची अशी टिंगल रोज लिहून तू केवढा खूश व्हायचास.

दुसऱ्या दिवशी तू ट्रकखाली गेलास. तुझ्या मातीला मी उशिराच पोचलो.

वेबसाइटचा पासवर्ड आता फक्त माझ्याकडे आहे. माझ्या मरणाचं ते वाचून लोक अजून माझ्या घरी सांत्वनाचे फोन करतात. निखतवहिनी म्हणाल्या, "भाऊ, ते मिटवून टाका ना. कावून ठेवून राहिले?"

त्यांना काय सांगू? माझं मरण खोडलं, तर तिथे तुझं लिहावं लागेल.

तुझा,
कालकथित देवमन