ॲडमिनचा कवितामास

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.१०
आजपासून कवितामास. महिनाभर रोज एक विषय, रोज एक कविता. ग्रुपवर घोषणा टाकली, खाली सही: शरच्चंद्र तावडे, ॲडमिन, ‘ओळ-ओळख’, मुलुंड (पूर्व).

संकल्प: विषय रोज सहाला टाकायचा. प्रत्येक कवितेला लेखी कमेंट, नुसता अंगठा नाही. माणसाला प्रोत्साहन लागतं. ऑफिसात असताना मला कुणी दिलं असतं तर आज दोन संग्रह असते.

नियम पुन्हा पिन केले. चौथा बोल्डमध्ये: ग्रुपवर वैयक्तिक सुखदुःख टाकू नये. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली, काही नाही. फक्त साहित्य. त्याशिवाय दर्जा राहत नाही.

सुलक्षणाने विचारलं, दळण कधी आणणार. म्हटलं, विषय टाकून. विषय: पहाट.

त्याच दिवशी, दुपारी
जबरदस्त रिस्पॉन्स. कविता धडाधड येतायत. माझी ‘हे पहाटे, ये ना गं’ सव्वासहालाच टाकली होती. अजून कुणाची कमेंट नाही. माझ्यासमोर बोलायला बिचकत असतील.

एक नवीन सदस्य. क्लारा मिस्किटा, मरोळ गावठाणात राहतात, शाळेत शिवण शिकवायच्या, आता रिटायर. नितेशने ॲड केलं. (घाटकोपरचा नितेश, माझा सह-ॲडमिन. पोरगा उत्साही, पण कच्चा.) त्यांची कविता:

पहाटे आधी बघते,
चादर वरखाली होते का.
होते.
मग चहा ठेवते.

काहीतरी आहे. कमेंट केली: ‘आश्वासक सुरुवात. मात्र चहा काव्यात्म नाही, दवबिंदू करून पाहा. मात्रा मोजा.’ लगेच हात जोडले त्यांनी. शिकण्याची वृत्ती आहे.

दळण राहिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार
विषय: नदी. क्लाराबाई:

नळीतून थेंब थेंब
त्यांच्या हातात उतरते नदी.
मी स्टुलावर. काठावर.

नदीला नळी? लिहिलं की आधी निसर्ग पाहा, मग लिहा. जवळच पवई तलाव आहे, एकदा जाऊन या. त्यांनी उत्तर दिलं, ‘जमलं की जाईन सर.’

५ नोव्हेंबर, बुधवार
त्रिपुरी पौर्णिमा, म्हणून विषय चंद्र. नितेशने सुचवलं होतं ‘बस स्टॉप’. नको म्हटलं. आपण साहित्य करतोय.

क्लाराबाई:

डॉक्टरनी एक्स-रे उजेडात धरला.
छातीत एवढा पांढरा गोळा.
हे म्हणाले, आज पौर्णिमा वाटतं.

प्रतिमा धाडसी, कबूल. पण करुण आणि विनोद एकत्र करू नये, वाचक गोंधळतो. तसं कळवलं. बोरिवलीच्या जान्हवीने (बँकेत आहे, ठीकठाक लिहिते) खाली नुसतं लाल हार्ट टाकलं. हार्ट म्हणजे समीक्षा नव्हे. तिला टोकलं.

९ नोव्हेंबर, रविवार
आनंदाची गोष्ट. क्लाराबाईंचा पर्सनल मेसेज: ‘सर, तुमची कमेंट मिस्टरांना रोज वाचून दाखवते. फार हसतात. आता चहाला दवबिंदू म्हणतात. क्लारा, दवबिंदू आण.’

म्हणजे आपलं मार्गदर्शन घरोघरी पोचतंय. सुलक्षणाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, हसतात म्हणजे तुमच्यावर हसतात. हिला लिटरेचरमधलं काही कळत नाही.

इथे एक महत्त्वाची नोंद: क्लाराबाईंच्या कवितेतला नवरा आजारी असतो. खरा नवरा खो खो हसतोय. म्हणजे हे सगळं कल्पनेतून. अशी कल्पनाशक्ती शिवणकामात फुकट गेली. महिना संपला की पीडीएफ संग्रह काढायचा, प्रस्तावना माझी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज फक्त नऊ कविता. लग्नसराई जवळ आली, त्याचा परिणाम. ‘सातत्य हाच साहित्याचा श्वास’ अशी इमेज बनवून टाकली, मागे सूर्यफूल. चौघांनी पाहिली.

जान्हवी दोन दिवस गायब. मेसेज केला तर म्हणते, सॉरी काका, संध्याकाळी एका घरी जावं लागतं सध्या. लोकांना सबबीसुद्धा धड देता येत नाहीत.

उद्यापासून मॉर्निंग वॉक.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
वॉक झाला नाही, कमेंट पेंडिंग होत्या.

विषय: बालपण. क्लाराबाई:

गळ्याला रुमाल बांधला.
चमच्याने पेज.
एक घास माझ्यासाठी, एक मुलांसाठी.
तिसऱ्याला ओठ मिटले.

सुलक्षणा मेथी निवडत होती. फोन हातातून घेतला, दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘अहो, या बाईचा नवरा फार आजारी आहे.’

मी समजावलं की कवितेतला नवरा हा कवयित्रीचा नवरा नसतो.

‘मग कुणाचा असतो?’

‘निवेदिकेचा.’

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘एक फोन करून बघा ना. नंबर आहे ना तुमच्याकडे.’

तसं माझ्या मनात आलंच नव्हतं असं नाही. पण फोन करून काय विचारणार? समजा नवरा ठणठणीत निघाला तर बाईंचा अपमान. आणि नसला, तर मी काय बोलणार? शिवाय चौथा नियम मीच केलाय, मीच कसा मोडू? कमेंट केली: ‘ओघवती. शेवट आशावादी करावा. वाचकाला प्रकाश हवा असतो.’

त्यांनी लिहिलं, ‘प्रयत्न करते सर.’

१७ नोव्हेंबर, सोमवार
विषय: मौन. फक्त तीन कविता, त्यातली एक माझी. क्लाराबाई:

आज बोलले नाहीत.
मीच बोलले दोघांचं.
भांडणसुद्धा केलं.
जिंकले.

मात्रा चुकल्यायत. पण का कोण जाणे, लिहिलं नाही. ‘छान’ एवढंच टाकलं. इतक्या त्रोटक कमेंटबद्दल स्वतःवर नाराज. उद्या भरपाई करीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार
क्लाराबाईंची कविता काल नाही, आज नाही. आघाडीवरचं माणूस असं ढेपाळलं तर बाकीच्यांनी काय करायचं? माझ्या एक्सेल शीटमध्ये त्यांच्या नावापुढे पहिल्यांदाच रिकामे चौकोन. पर्सनल मेसेज टाकला: ‘खंड पडला. उठा, लेखणी उचला!’ सोबत सूर्यफुलाची इमेज.

दोन निळ्या टिका. उत्तर नाही.

नितेश आणि जान्हवीही दिवसभर ऑनलाइन नाहीत. मी एकटाच ग्रुप ओढतोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी
परतल्या! माझ्या मेसेजचा परिणाम. विषय होता घर.

पेटी दारातून निघेना.
उभी धरली, तिरकी केली.
हे दार त्यांनीच बसवलेलं.
मी म्हटलं, राहू दे मग.
कुणी ऐकलं नाही.

मस्त. गावठाणातली जुनी घरं बिल्डरला जातायत, हा विषय कवितेत यायलाच हवा होता. मनापासून लिहिलं: ‘घर बदलतानाची घालमेल अचूक टिपलीत. नव्या घरासाठी शुभेच्छा! पत्ता कळवा.’

ग्रुपवर बाकी सगळ्यांनी नुसते हात जोडले. ओळीने. एकालाही दोन शब्द सुचू नयेत? चारचौघांत सुनावलं: ‘इमोजी हे आळशांचं साहित्य आहे.’ त्यानंतर कुणी काहीच लिहिलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी
नितेशचा फोन. म्हणाला, काका, ती कमेंट डिलीट करा. मी म्हटलं, कवितेविषयी असेल तर बोल, वैयक्तिक नको. तो म्हणाला, कवितेविषयीच आहे. मग मी त्याला समीक्षकाचं स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावलं. बराच वेळ समजावलं. मध्ये तीनदा ‘काका, ऐका ना’ म्हणाला. शेवटी म्हणाला, ‘ठीक आहे काका,’ आणि ठेवला. पटलेलं दिसतंय.

सुलक्षणाला कविता दाखवायला नको होती. वाचून ती खाली बसली. म्हणाली, ‘आयुष्यभर विम्याचे डेथ क्लेम पास केलेत तुम्ही. पेटी कुठली ते कळत नाही?’

म्हटलं, पेटी म्हणजे ट्रंक. सामानाची.

तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि आत गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
घराच्या कवितेवरची कमेंट डिलीट करून पाहिली. तोपर्यंत वेळ निघून गेली होती. आता फक्त माझ्या फोनमधून पुसता येते, सगळ्यांच्या नाही. माझ्या फोनमधून पुसली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
विषय टाकतोय. कविता माझीच येतेय. माझ्या कवितेला मीच ‘अप्रतिम’ लिहिणार नाही, तेवढं मला कळतं.

ट्रंकच असणार. गावठाणात अजून मोठमोठ्या ट्रंका असतात. तीन दिवसांचा खंडही सामान हलवण्यामुळेच. सगळं जुळतंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सर्टिफिकेटं छापून आणली. सोनेरी बॉर्डर, लॅमिनेशन. दोन प्रकार: सलग महिनाभर लिहिणाऱ्याला ‘पूर्ती’, मध्ये खंड पडलेल्याला ‘सहभाग’. पूर्तीला पात्र फक्त मी.

क्लाराबाईंचं काय करावं यावर खूप विचार केला. पेटीच्या कवितेपर्यंत तीनच दिवस चुकले होते. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. सहभाग.

रविवारी स्वतः मरोळला जाऊन हातात द्यायचं. सरप्राइज. गेलो की प्रत्यक्षच दिसेल सगळं ठीक आहे ते. सुलक्षणा म्हणाली, जा, नक्की जा, पण ते सर्टिफिकेट नेऊ नका. मग काय रिकाम्या हाताने जाऊ? ‘हो,’ म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी
जाऊन आलो.

घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका. गावठाणात शिरलो, क्रॉसपाशी एकाला मिस्किटांचं घर विचारलं. त्याने माझ्याकडे पाहून आवाज बारीक केला आणि दारापर्यंत सोडायला आला. घर बदललेलं नव्हतं.

दार उघडंच होतं. समोर टेबलावर फोटो, मेणबत्ती, पांढरी फुलं. खाली नाव: इसिडोर मिस्किटा. फोटोत हसतायत. एक दात थोडा पुढे.

आत नितेश बसला होता. जान्हवी किचनमधून कप घेऊन आली. कप कुठे असतात, साखर कोण किती घेतं, तिला माहीत होतं. ग्रुपमधले आणखी दोघं भिंतीला टेकून. मला बघून सगळे उठले, आणि मग उठून काय करायचं ते कुणालाच कळेना.

क्लाराबाई लहानखुऱ्या आहेत. काळा ड्रेस, चष्मा दोरीने गळ्यात. म्हणाल्या, ‘या सर. इतक्या लांब आलात.’ रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं, निदान रागावतील.

मी खुर्चीवर बसलो. पिशवी मांडीवर. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, ‘मला माहीत नव्हतं.’

नितेशने खाली पाहिलं.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. नितेशचा, जान्हवीचा, त्या दोघांचा, टेबलावरचा क्लाराबाईंचा. उद्या डबा कोण आणणार असं काहीतरी होतं. जान्हवीने पटकन फोन उलटा ठेवला. माझा वाजला नव्हता.

क्लाराबाईंनीच बोलायला घेतलं. म्हणाल्या, ‘त्यांना कविता वगैरे आवडत नव्हत्या सर. पण सकाळी जाग आली की पहिलं विचारायचे, आज काय म्हणाला तुझा मास्तर? बाकी दिवसभर डॉक्टर, सिस्टर, मुलांचे कॅनडाहून फोन, सगळे हळू आवाजात बोलायचे. एक तुम्ही तेवढे ओरडत होता मात्रा मोजा म्हणून. त्यांना बरं वाटायचं. म्हणून मी लिहीत राहिले.’

‘आणि शेवटचं?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘पेटीचं? ते वाचून दाखवायला कुणी नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुमची कमेंट बघून वाटलं, ते असते तर किती हसले असते. मग मी हसले. आणि मग खूप रडले. तोवर रडायला आलं नव्हतं.’

चहा गार झाला. मी तो पूर्ण प्यायलो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. त्या दारात उभं राहवेना मला. पिशवीकडे बघून म्हणाल्या, काही आणलंत का. मी म्हटलं, नाही, माझीच कागदपत्रं आहेत.

मग म्हणाल्या, ‘सर, एक काम कराल? मला ग्रुपमधून काढा. बाहेर पडायचं बटण मला सापडतं, पण माझ्या हाताने होत नाही. सकाळी सहाला विषय आला की मी अजून त्यांच्या खोलीकडे जाते.’

म्हटलं, करतो.

नितेश नाक्यापर्यंत सोडायला आला. तो दुसरा ग्रुप कधी सुरू केला, विचारलं. म्हणाला, ‘तुमच्या चौथ्या नियमामुळे काका. इथे बोलता येत नव्हतं ना.’ साधं सांगितलं त्याने. टोमणा नव्हता. मला त्यात घे असं म्हणणार होतो. स्टेशनचे जिने आले.

घरी आल्यावर सुलक्षणाने पाणी दिलं. काय आजार होता, किती दिवस होते, मुलं येऊन गेली का, विचारलं. यातलं मी तिथे काहीच विचारलं नव्हतं. ‘बरं,’ म्हणाली आणि शेजारी बसून राहिली.

मग फोन काढला. सदस्यांच्या यादीत त्यांचं नाव शोधलं. शेजारी शिवणयंत्राचा फोटो. नावावर बोट धरलं, ‘काढून टाका’वर दाबलं. तेव्हा फोन पुन्हा एकदा विचारतो, नक्की काढायचं का म्हणून. बराच वेळ ते तसंच ठेवलं. स्क्रीन काळी झाली, पुन्हा उजळली.

मग हो केलं.