एका घरचे पाणी

पाळकसाहेब,

आज दुपारी आपल्या मंडळीचे नवे पाळक माझ्याकडे येऊन गेले. वयाने माझ्या नातवाएवढे आहेत. बोलतात भराभर, आणि एका वाक्याचे क्रियापद येण्याआधीच दुसरे वाक्य सुरू करतात. मी ऐकून घेतो. गेल्या रविवारी त्यांनी मंडळीच्या एका पंचांना सर्वांदेखत फटकारले, त्या गृहस्थांनी उपासनेला येणार नाही असा निरोप पाठवला, आणि उद्या तयारीची सभा आहे. "सर, तुमचे जुने पाळक असते तर त्यांनी काय केले असते?" असे त्यांनी विचारले. उत्तर देण्यासाठी मला गिरणीच्या भोंग्यावर जागे होणाऱ्या त्या वेळच्या सोलापुरात जावे लागले. ते उठून गेले तरी मी अजून तेथेच आहे, म्हणून हे लिहीत आहे.

मिशनच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो तेव्हा माझ्याइतके शुद्ध मराठी साऱ्या शहरात कोणी लिहीत नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तुमच्या घराच्या पडवीला पत्र्याचा आडोसा घालून केलेली खोली मला राहायला मिळाली, आणि जेवण पाळकीणबाईंच्या हातचे. व्यासपीठावर तुम्ही ग्रंथातली भाषा बोलत होता. ती घसरली की मी बाकावर बसल्या बसल्या मनात दुरुस्त करीत असे. घरी आलात की कोट खुंटीला, आणि ती भाषाही त्याच खुंटीला. तुमचे घरचे बोलणे येथे जसेच्या तसे उतरवीत आहे. शुद्ध केले तर ते तुमचे उरणार नाही. एका प्रार्थनासभेत तुम्ही मला प्रार्थना चालवायला सांगितलीत. मी ती आधीपासून घडवून ठेवली होती, एकेक शब्द पारखून. परतताना रस्त्यात तुम्ही म्हणालात, "मास्तर, प्रार्थना लई चांगली झाली." मी नम्रपणे मान लववली. "पण बोलत कुनाशी होता? देवाला एवढं समजावून सांगावं लागत न्हाय." पाळकीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

तो गेला, त्याला कारण पत्र्याचा आडोसा. पहाटे, पहिला भोंगा होण्याआधी, तुम्ही काळे धनगरी घोंगडे अंथरून त्यावर गुडघे टेकता. मी आडोशाच्या अलीकडे जागा असतो. तुम्ही प्रार्थनेत वाक्ये अशी फारशी करीतच नाही. मंडळीतल्या माणसांची नावे घेता. एक नाव, मग स्तब्धता. त्या माणसाच्या दारात उभे राहून आतून कोणी येण्याची वाट पाहावी, इतका वेळ तुम्ही थांबता. मग पुढचे नाव. एकदा माझे नाव आले आणि त्यानंतरची स्तब्धता इतरांपेक्षा लांबली. त्या सकाळी मी तुमच्याबरोबर चहा घेताना मान वर केली नाही.

त्या उन्हाळ्यात गिरणीचा लांबलेला संप मिटला. आपली निम्मी मंडळी गिरणीत कामाला, आणि ज्यांच्या शब्दावर माग मिळे किंवा न मिळे ते मुकादम आपल्याच मंडळीचे मुख्य पंच होते. संपाच्या सभांत पुढे बसणाऱ्या आपल्यातल्या तिघांना त्यांनी कामावर परत घेतले नाही. दोघे विणकर होते, आणि तिसरी सुताच्या कांड्या भरणारी एक विधवा. रविवारी तुम्ही प्रवचन अर्ध्यावर सोडलेत, पुस्तक मिटलेत आणि म्हणालात की प्रभूच्या मेजाशी पहिला बसणारा आणि भावंडांच्या ताटातली भाकर काढून घेणारा माणूस या मंदिरात आहे. नाव घेतले नाहीत. त्याची गरज नव्हती. साऱ्या माना एका बाकाकडे वळल्या. मुकादम उठले, पत्नीला खुणेने उठवले आणि मधल्या वाटेने सावकाश चालत बाहेर गेले. मला ते प्रवचन फार आवडले. त्यात एकही चूक नव्हती.

आठवडा उलटण्याआधी कळले की मुकादम मिशनच्या साहेबांना भेटून आले आहेत, आणि पंचांच्या पुढच्या बैठकीत तुमची बदली मागण्याचा ठराव येणार आहे. बहुतेक पंचांची पोटे गिरणीवर होती. ठरावाचे काय होणार हे उघड होते.

आपल्या मंडळीची रीत तेव्हाही होती. प्रभूच्या नावाने भाकर वाटून घेतो त्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा भरे. ज्यांचे कोणाशी बिनसले असेल त्यांनी सभेआधी त्याच्या घरी जायचे आणि तेथले पाणी प्यायचे. तोवर भोजनाला हात लावायचा नाही. आपली माणसे निरनिराळ्या जातींतून आलेली. ज्यांच्या आज्यापणज्यांनी एकमेकांच्या घागरीला शिवले नव्हते, त्यांच्यात पाण्याचा एक घोट ही हलकी गोष्ट नव्हती.

त्या शनिवारी सकाळी आपण स्वयंपाकघरात बसलो आहोत. पाळकीणबाई भाकरी थापीत आहेत, ताटात शेंगांची चटणी आहे. तुम्ही म्हणता, "मुकादमाकडं जाऊन येतो."

"तुम्ही बोललात ते खरे होते," मी म्हणतो.

"व्हय की. खरंच हाय."

"मग आज गेलात तर लोक म्हणतील, पाळक बदलीला भ्याले."

"म्हनू द्यात." तुम्ही भाकरीचा तुकडा चटणीत फिरवीत राहता, तोंडात घालीत नाही. "मास्तर, त्या दिवसापासनं पहाटे त्याचं नाव घ्यायला जातो अन् तोंडातनं येत न्हाय. पुढच्या नावावर उडी मारतो. त्याला एकट्याला गाठून सांगायचं ते मी सगळ्यांत सांगितलं. ते काय त्या तिघांसाठी? थोडं त्यांच्यासाठी. बाकीचं माझ्या रागासाठी."

"मग जावा की," पाळकीणबाई तव्यावरून नजर न काढता म्हणतात. "हितं बसून कबूल करून काय उपेग? अन् कोट घाला. भांडायला आल्यागत दिसू नका."

मीही तुमच्याबरोबर निघालो. मुकादमांचे घर भवानी पेठेत, एका अरुंद गल्लीच्या टोकाला होते. शेजारी तेलुगू विणकरांची घरे. रंगवलेले ओले सूत त्यांनी गल्लीभर बांबूंवर वाळत टाकलेले. त्याखालून वाकून गेल्याशिवाय पुढे जाता येत नसे. तुम्ही वाकलात, तरी खांद्यावर लाल ओघळ उतरलाच. मुकादम दारात बाजेवर बसले होते.

"या पाळकसाहेब. वाट चुकला काय?"

"रविवारी चुकली हुती. आज बरोबर आलोय." तुम्ही उभेच होता. "जे बोलायचं ते आधी हितं येऊन तुमच्यापाशी बोलायचं हुतं. सगळ्यांत तुमाला मान खाली घालायला लावली, त्याची माफी मागतो."

"म्हंजे बोललेलं माघारी घेताय."

"ते न्हाय. त्या तिघांना कामावर घ्या, हे आजबी म्हनतो. पण आज तुमच्या दारात म्हनतो."

मुकादम माझ्याकडे वळून हसले. "ऐकलं का मास्तर? माफी मागायला आले अन् हुकूम सोडून चालले." त्यांची पत्नी तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. मुकादमांनी मागे न पाहता हात वर केला आणि ती बाई तांब्यासह आत गेली. वैशाखाच्या उन्हातून आपण दोघे तहानलेले परत आलो.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन चालवायला तुम्ही शहरात मुक्कामाला आलेल्या करमाळ्याकडच्या एका वृद्ध पाळकांना बोलावून घेतलेत आणि स्वतः मागे, चपलांजवळच्या चटईवर बसलात. भाकरीचे ताट तुमच्यापर्यंत आले. तुम्ही ते दोन्ही हातांनी घेतलेत आणि काही न उचलता शेजाऱ्याला दिलेत. त्या दिवशी प्रवचन कोणी ऐकले असेल असे मला वाटत नाही. ज्या माणसाला मंडळीसमोर आपले आसन राखायचे असते, तो असा खाली बसला नसता. हे पंचांनाही दिसले असावे. ठरावाच्या बैठकीला मुकादम स्वतःच आले नाहीत. कारण त्यांनी पुढे कधीही सांगितले नाही. ठराव मांडायला दुसरे कोणी उठले नाही.

तुम्ही मात्र दर शनिवारी जात राहिलात. बसायला सांगितले तर बसायचे, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायची, त्या तिघांचे एकदा म्हणायचे आणि उठायचे. कोटावर लालाशेजारी निळा डाग आला, मग हिरवा. तोच कोट घालून तुम्ही व्यासपीठावर उभे राहत होता. प्रभुभोजन पुन्हा आले की चटईवर. पावसाळा सरत आला तेव्हा एका शनिवारी मुकादम बाजेवरून उठले आणि तुमचा खांदा बोटाने चाचपून म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा कोट आता ह्या गल्लीचाच झाला की. धुवायला तरी टाकत जावा."

"धुतल्यावर पुन्हा हितनंच यायचं हाय."

मुकादमांनी वाळत्या सुताकडे एकदा पाहिले. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, पाणी आण. थंड माठातलं आण."

संध्याकाळी ते आपल्या घरी आले. पाळकीणबाईंनी त्यांच्यापुढे तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "गूळबी हाय घरात. पण तो तिघं कामाला लागल्यावर." मुकादम पाणी पिता पिता ठसकले. तो ठसका हसण्याचा होता हे समजायला मला एक क्षण लागला. त्यानंतर दोन्ही विणकर मागांवर परतले. विधवेची जागा भरली गेली होती. तिला दुसऱ्या गिरणीत काम मिळाले, पण मुकादमांच्या घरचे पाणी प्यायला तिने फार काळ घेतला. तुम्ही तिला घाई केली नाहीत. तिच्या नावानंतरची पहाटेची स्तब्धता मला आठवते.

हे सगळे नव्या पाळकांना सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी एक पूर्ण वाक्य बोलून दाखवले: "म्हणजे मी त्या पंचांना जे म्हणालो ते चूक नव्हते, पण मी आधी त्यांच्या घरी गेलो नाही." त्यांनी येताना फटफटी स्वतःच्या घराच्या दिशेला तोंड करून लावली होती. जाताना ती वळवली आणि उलट दिशेला गेले. पंचांचे घर त्या बाजूला आहे. त्यांना तेथे पाणी मिळाले की नाही हे मला ठाऊक नाही. न मिळाले तरी पुढचा शनिवार आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर पाळकीणबाईंनी ते घोंगडे माझ्या हाती दिले होते. "कोट तुमाला शोभायचा न्हाय, त्याला डाग हायत," त्या म्हणाल्या, "हे घ्या." विटले आहे, पण उबेला कमी नाही. त्यावर बसून मीही नावे घेतो. वाक्ये करण्याची सवय अगदी सुटली आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

हे पत्र कोठे टाकायचे नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. आपल्या पंथात गेलेल्यांसाठी प्रार्थना करीत नाहीत. का करू नये, हे मी स्वतः तरुणांच्या वर्गात मुद्देसूद शिकवले आहे, आणि त्या विवेचनात मला आजही खोट दिसत नाही. तरी पहाटे पहिले नाव तुमचेच येते, आणि तुम्ही थांबत होता तितका वेळ मी त्या नावापाशी थांबतो. हे मी कोणाला सांगितलेले नाही. उद्याही थांबेन.