दहा वर्षं टिकेल अशी सॅक

ती. आईस,

नायगावहून मनवाचा नमस्कार. मामाकडे आमची सोय छान आहे. बाबा दोन घास जेवतात. डॉक्टर काय म्हणाले ते घरी आल्यावर सांगते.

रोज परळला हॉस्पिटलात बाबांच्या फाइली, डबा, पाणी न्यायचं. पिशवीचा पट्टा खांद्याला काचतो, म्हणून काल दादरला सॅक घ्यायला गेलो. मी सगळ्यात हलकी उचलली, पण बाबांना पटेना. एकेक सॅक पाठीला लावून त्यांनी दुकानात चालून पाहिलं, चेन ओढली, शिवण तपासली. मी दमून स्टुलावर बसले.

शेवटी एक निळी घेऊन त्यांनी दुकानदाराला विचारलं, "दहा वर्षं टिकेल ना?"

"आरामात, काका."

"मग हीच दे."

तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या चुकवू नकोस.

सॅक खरंच मजबूत आहे, आई.

तुझी,
मनवा