पंच्याऐंशी-शहाऐंशी उलटे जोडलेत, अप्पा

प्रिय अप्पा,

पत्र लिहायचं कारण तुम्हाला आवडायचं नाही. काल मी तुमच्या फियाटचं बोनेट उघडलं. होय, नऊ वर्षं ज्याला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत, तेच! तुम्ही जाऊन चार महिने झाले. "राहू दे गं सुनी" म्हणायला आता कोण होतं? उमरग्याहून माहेरी येतानाच दोन रिले, जाड वायर आणि फ्यूज पिशवीत घालून आणले होते. आयटीआयमध्ये अख्ख्या वर्गाला वायरिंग शिकवते आणि बापाच्या गाडीचे दिवे मिणमिणतात, ही बोच किती दिवस सहन करायची?

तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला मी कितीदा समजावलं होतं. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच निम्मा दमतो. रिले बसवला की स्विचनं नुसता इशारा करायचा, करंट बॅटरीतून थेट दिव्याला. तुम्ही मान डोलवायचात आणि म्हणायचात, "दिव्यात जान न्हाय गं, काय करणार!"

दिव्यात जान नाही म्हणून तुम्ही प्रत्येक लग्नातून दिवेलागणीच्या आधी निघायचात. भावकीत सगळे हसायचे, मास्तरांची गाडी कोंबड्यांच्या आधी खुराड्यात जाते म्हणून. मीही हसायचे.

एका संध्याकाळी मात्र हसले नाही. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. सासरी भांडण झालं आणि मी परसात जाऊन तुम्हाला फोन केला. "अप्पा, मला न्यायला या." आठवतं? तुम्ही म्हणालात, "अंधार पडायलाय, सुनी. दिव्यात जान न्हाय. सकाळी येतो."

सकाळी तुम्ही खरंच दारात होतात. तोवर भांडण निवळलं होतं, पण माझा राग निवळला नव्हता. "आता कशाला आलात?" असं म्हणाले मी! तुमचा चहा तसाच गार झाला. मग कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागं रिलेची आकृती काढून तुमच्या हातात कोंबली. "एवढं बसवून घ्या. म्हणजे पुढच्या वेळी पोरीला सकाळपर्यंत थांबावं लागणार नाही." तुम्ही पत्रिका व्यवस्थित घडी करून खिशात ठेवलीत. त्यानंतर मी तुम्हाला पुन्हा कधी न्यायला या म्हणाले नाही. तेही तुम्हाला कळलंच असणार.

काल बॅटरीमागं हात घातला आणि थांबले. तिथं दोन रिले आधीच बसवलेले होते! जाड लाल वायर, फ्यूज, सगळं जागच्या जागी. प्रत्येक रिलेवर दवाखान्यातली चिकटपट्टी आणि तिच्यावर तुमचं फळ्यावरचं अक्षर: अप्पर, डिप्पर. प्लॅस्टिकच्या पिशवीत माझी आकृती होती, घड्यांवर झिजलेली. दोन्ही रिलेंवर पंच्याऐंशी आणि शहाऐंशी नंबरच्या, स्विचचा इशारा आणणाऱ्या वायरी तुम्ही उलट्या जोडल्यात, अप्पा. साध्या रिलेला तसंही चालतं, दिवे लागतात. तरी मला हसू आलं, आणि मग रडूच आलं.

दिवस मावळल्यावर स्विच ओढला. रिले टिक करून वाजला आणि समोरच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला बाराचा पाढा खालपर्यंत वाचता आला. जान नाही म्हणे!

आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "तुझ्याकडनं आले, त्याच आठवड्यात बसवलं की त्यांनी. कागद म्होरं धरून दोन दिस खटपट चालली व्हती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगतेत? दिवे लागले लई झकास. मला संगं घिऊन पुलापतूर गेले. मला समदं दिसतंय, आन् ह्यांना रस्ताच दिसंना. तिथंच गाडी थांबवली. म्हणले, खोट दिव्यात न्हाय, माझ्या डोळ्यात हाय. सुनीला सांगू नगं. तिला वाटंल, बाप आता कवाच यायचा न्हाय."

फोन केला त्या संध्याकाळीही तुम्ही निघाला होतात म्हणे. पुलाच्या कठड्याला गाडी घासली तेव्हा माघारी फिरलात, आणि पहाटेपासून गाडीत बसून उजाडायची वाट बघत होतात. डाव्या मडगार्डवरचा तो ओरखडा! तुम्ही बैलगाडीवर ढकलला होतात.

का हो अप्पा? दिसत नाही, एवढं एक वाक्य. मी चालत आले असते. निदान तो चहा तरी तुम्हाला पाजला असता.

मग आईला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. दिवे लावताना तुमच्यासारखे हात जोडले. पुलापर्यंत गेले आणि तिथून वळले. परतताना रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. गल्लीत शिरले तसा तुमच्या दिव्यांचा उजेड आपल्या दारावर पडला, उंबरा, कडी, सगळं लख्ख. आई म्हणाली, "उतर, आलं घर." मला उतरवेना. नऊ वर्षं उशीर झाला, पण तुम्ही मला न्यायला आलात अप्पा.

त्या उलट्या वायरींना मी हात लावणार नाही. माझी लेक आता सात वर्षांची आहे. उद्या तिचा फोन आला तर अंधार असो, काही असो, मी निघेन. आणि माझ्याच डोळ्यांना दिसेनासं झालं, तर तिला तसंच सांगेन, दिव्यांवर ढकलणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सुनी