उघड्या खोक्याची पूजा

॥ श्री ॥
विद्याधर नगर, जयपूर
१८ सप्टेंबर २००५

चि. निलय यास आजीचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात तुझी नोकरी आणि खाणावळ दोन्ही बरी चालली असतील असं धरते. सांगतेय मी, लिहितेय तुझी बहीण हर्षाली. तेव्हा चुका तिच्या, शहाणपण माझं. फोनच केला असता, पण तो तुझ्या बाबाच्या खुर्चीला चिकटलेला, आणि हे त्याच्या कानावर जायला नको.

तुझ्या धाकट्या भावाने घराचं स्वास्थ्य घालवलंय. वरुणला हैदराबादच्या एका कंपनीने मोटारींच्या शर्यतीचा अर्धाकच्चा खेळ पाठवलाय. तो खेळायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि खेळतानाचं सगळं चित्र उतरवून सीडी दिवाळीआधी धाडायची. पसंत पडली तर नोकरी. नाहीतर भाऊबीज झाली की कोटा शहरातल्या क्लासात रवानगी, असं तुझ्या बाबाने, दिलीपने, फर्मावलंय. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत एकदा आपटलेला मुलगा पुन्हा तिथेच आपटायला का पाठवायचा, मला कळत नाही. पण मला विचारतो कोण!

आणि आपलं कॉम्प्युटरचं खोकं ते असं स्वस्तातलं. खेळ लावला तर चित्र उतरत नाही, चित्र उतरवायला घेतलं तर मोटार चिखलात रुतते. एका शेगडीवर दोन पातेली कशी चढणार? वरुण बसतो, उठतो, गच्चीत जातो, परत येतो. बघूनच मला धाप लागते. काय बदलायचं ते लवकर कळव.

लोभ आहे तेवढा ठेव, वरचा मी मागून घेईन.
तुझी आजी

(भैया, मतलब खरंच लवकर. वरुण नखं खातोय. – हर्षाली)


पुणे
२५ सप्टेंबर २००५

ती. आजीस निलयचा साष्टांग नमस्कार.

नोकरी बरी आहे, खाणावळीचं विचारू नकोस. शेगडीचं तू अगदी बरोबर बोललीस. दुसरी शेगडी पार्सलने पाठवतोय: माझं जुनं ग्राफिक्स कार्ड, रॅमची एक पट्टी आणि एक जास्तीची हार्ड डिस्क. वरुणला म्हणावं, खेळ एका डिस्कवर ठेव आणि चित्रण दुसरीवर. म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात येणार नाहीत. कार्ड फार तापतं, त्यात तुमचं जयपूर. म्हणून कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढूनच ठेवा, वारा लागू दे.

बाबांशी मी बोलायला हवं, हे कळतं. पण मी किती शूर ते तुला ठाऊक आहे. त्यांनी दाखवलेल्या कॉलेजात मी मुकाट्याने गेलो. वरुण निदान दार वाजवून बघतोय. त्याला सांग, मला त्याचा हेवा वाटतो.

गुडघ्यांना आणि जिभेला जप. माया असू दे.
तुझा निलय


जयपूर
१५ ऑक्टोबर २००५

चि. निलय यास आशीर्वाद.

पार्सल आलं. वरुणने जेवण टाकून सगळं बसवलं आणि काय सांगू, मोटारी भुर्रकन सुटल्या! चित्रही उतरलं. पोरगं कितीतरी दिवसांनी हसलं.

मग खंडेनवमी आली. दिलीपने दरवर्षीसारखी यंत्रांची पूजा केली. स्कूटर, तुझ्या आईचं शिवणयंत्र, विळीसुद्धा. मी म्हटलं, ते खोकंही घरातलंच आहे, त्याने काय पाप केलंय? त्याच्यापुढे मी हात जोडणार नाही, असं म्हणाला. पण तबक हातात असलं की दिलीपला राहवत नाही. झाकण उघडंच होतं. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि लग्नात उधळाव्यात तशा अक्षता उधळल्या.

पण दसऱ्यापासून खोकं घरघरतं आणि भर शर्यतीत मान टाकतं. वरुण म्हणतो, तू मेलेलं कार्ड पाठवलंस. रागाने बोलतोय, मनावर घेऊ नकोस. दिलीप कोट्याचं तिकीट काढून आला, देवघरात ठेवलंय. मुलगा पानावर बसतो आणि भात चिवडत राहतो. दिवाळी तोंडावर आलीय रे. काहीतरी कर.

उत्तर आलं की प्रेम पोचलं असं समजेन.
तुझी आजी


पुणे
२० ऑक्टोबर २००५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

घाईत लिहितोय. कार्ड मेलेलं नाही. तुझं पत्र वाचता वाचता अक्षतांपाशी येऊन थांबलो. वायर काढा, टॉर्च घ्या आणि आतल्या पंख्यांत तांदूळ अडकलेत का बघा. पंखा अडला की यंत्र तापतं आणि आपणहून बंद पडतं. चिमट्याने हलकेच काढा. झाकण उघडं ठेवायला मीच सांगितलं होतं, तेव्हा अर्धा दोष माझा. पुढच्या वर्षी त्याला लांबून नमस्कार.

कळव. जीव टांगणीला लागलाय.
निलय


जयपूर
२९ ऑक्टोबर २००५

चि. निलय यास भरभरून आशीर्वाद.

तांदूळच! वरुणने टॉर्च मागितला, तर ऑफिसला निघालेला दिलीप टॉर्च धरून उभा राहिला. वरुणने चिमट्याने एकेक दाणा काढला, कुंकवाने लाल झालेला. मला गप्प बसवेना. म्हटलं, दिलीप, अक्षता देवापर्यंत काही पोचल्या नाहीत रे. तो उगाच हात धुवायला गेला.

परत आला तो स्टूल ओढून वरुणच्या शेजारी बसला. पंखा फिरला, शर्यत सुरू झाली आणि मोटार भिंतीवर आदळली. तुझ्या बाबाचा जन्म विमा ऑफिसात ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासण्यात गेलाय. तो एकदम ओरडला, थांबव. धडक डावीकडून आणि पोचा उजवीकडे? असा दावा मी मंजूर करणार नाही म्हणाला! ही चूक वरुणला महिनाभर दिसली नव्हती. मग काय, भिंतीवर घाल, खांबावर घाल, आता मागून ठोक, असं बाप सांगतोय आणि लेक ठोकतोय. सगळं चित्र उतरलं. त्या दिवशी ऑफिसला दांडी. सीडी दिलीप स्वतः स्पीडपोस्ट करून आला.

कंपनीचं उत्तर अजून नाही. वरुण फाटकापाशी घिरट्या घालतो, आता दिलीपही घालतो. काल मात्र तो स्टेशनवर जाऊन कोट्याचं तिकीट परत करून आला. मला सांगतो, सणाच्या दिवसांत त्या गाडीला फार गर्दी असते. मीही म्हटलं, असते रे बाबा, उभं राहायला जागा नसते.

दिवाळीला ये. नाही आलास तरी माया कमी होणार नाही, बोलणी तेवढी वाढतील.
तुझी आजी