निशांतने पाठवलेले पेन्शन

मी, खाली सही करणार, तुंगा भ्रतार कैलासवासी रणोजीराव बाबर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार अग्रहार, मैसूर, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी आणि स्मरण शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज पडत नाही. कोणाच्या दडपणाने किंवा कोणी भरीस घातले म्हणून मी हे लिहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील वर्षिणी मला म्हणाल्या, "अम्मा, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. का द्यायचं ते लिहावं लागत नाही." पण कारण न लिहिता दिले तर लोक आपापली कारणे लावतील आणि त्यांत माझ्या मुलाचे नाव फिरेल. म्हणून मीच लिहिते.

१. माझे वारस. मला एकच मुलगा, निशांत. तो विलायतेत लेस्टर गावी असतो. त्याची मुलगी अवनी कॉलेजात आहे. सूनबाई कधीच वेगळ्या झाल्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. इथे माझ्यासोबत माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी रुक्मिणीबाई राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला वन्सं म्हणतात. दोघींचे पटते असे मी म्हणणार नाही, पण दोघींचा स्वयंपाक एकाच चुलीवर होतो.

२. घर. अग्रहारातील आमच्या वडिलांच्या घराचा निम्मा हिस्सा माझा आहे. तो रुक्मिणीबाईंना द्यावा आणि त्यांच्या पश्चात अवनीला. निशांतला का नाही, ते पुढे येईल. ते शिक्षा म्हणून नाही, हे मात्र आधीच लिहून ठेवते.

३. पेन्शन. हे कलम लांब आहे. वर्षिणींनी ते कमी करायला सांगितले, मी केले नाही.

लेस्टरला एका इस्पितळाच्या लाँड्रीत मी सव्वीस वर्षे काम केले. चादरी, गाऊन, जे निघेल ते. त्याचे सरकारी पेन्शन मला मिळते. रणोजीराव गेले आणि मी मैसूरला परत यायचे ठरवले, तेव्हा निशांत म्हणाला, "आई, तू बँकेच्या भानगडीत पडू नको. सगळं थेट तुझ्या मैसूरच्या खात्यात जमा होईल." त्याने सांगितले तिथे मी सह्या केल्या. पुढे त्याने फोनवर सांगितले की परदेशात राहायला गेलेल्यांना पेन्शन निम्मेच मिळते. इथे राहणाऱ्यांचे पेन्शन वाढत नाही हे मी इतरांकडूनही ऐकले होते, म्हणून निम्म्याचेही मला खरे वाटले. दर महिन्याला फोनवर "जमा" असा निरोप यायचा. कोणाकडून जमा, ते मी कधी पाहिले नाही.

अशी नऊ वर्षे गेली. त्या काळात घराचे छप्पर गळू लागले. वहिनींनी माझा वाटा मागितला, तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, माझं पेन्शन निम्मं झालंय, मला परवडत नाही." त्यांनी आपल्या पाटल्या मोडून दोघींच्या डोक्यावरचे छप्पर केले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. गल्लीत मात्र मी निशांतचे कौतुक सांगत हिंडत होते. माझा मुलगा असा, माझा मुलगा तसा.

तुम्ही जिवंत आहात का, असे विचारणारा कागद विलायतेहून येतो. त्यावर परक्या, जबाबदार माणसाची सही लागते. ती आमच्या मागच्या गल्लीतले नरसिंहमूर्ती करतात. त्यांनी बर्मिंगहॅमला बस चालवली, तेही तिथलेच पेन्शन घेतात. गेल्याच्या गेल्या वर्षी तो कागद आला नाही, म्हणून त्यांच्याच घरून मी पेन्शनच्या कचेरीला फोन लावला. ओळख पटवण्यासाठी पलीकडच्या बाईने विचारले, "तुम्हाला किती पेन्शन मिळतं?"

मी आकडा सांगितला.

"सॉरी, हा आकडा जुळत नाही."

"दर महिन्याला तेवढंच येतं हो."

"जुळत नाही, मॅडम. मला तुमच्याशी पुढे बोलता येणार नाही."

मी फोन ठेवला. मूर्तींनी सगळे ऐकले होते. ते कानडीतून म्हणाले, "अम्मा, पौंडाचा भाव वरखाली होतो ना, त्यामुळे असेल." भाव निम्म्याने खाली येत नाही हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. ते उठून आत पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मुलाने केलेली गोष्ट आईच्या आधी शेजाऱ्याला कळावी, याची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. आजही ते समोरून आले की मी पदर सारखा करते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने फोन केला. या वेळी त्यांनी लग्नाची तारीख, रणोजीरावांचा जन्म, लाँड्रीचा पत्ता असे विचारले. ते सगळे जुळले. मग त्या बाईने रक्कम सांगितली. माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. "आणि ती इंडियात जात नाही," ती म्हणाली, "इथल्या तुमच्या खात्यात जाते." ते खाते माझे आणि निशांतचे जोडखाते होते. निम्मे तो ठेवत होता आणि निम्मे मला पाठवत होता.

मी कागद भरले आणि पेन्शन थेट मैसूरला येईल असे केले. निशांतला कळवले नाही. विचारले असते तर तो खोटे बोलला असता, आणि ते मला ऐकून घ्यावे लागले असते.

पहिले पूर्ण पेन्शन जमा झाले त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, तुझं पेन्शन आलं का गं?" नऊ वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते.

मी म्हणाले, "नाही रे अजून."

तो म्हणाला, "बरं. उशीर झाला असेल. येईल."

आणि दोन दिवसांनी आले. नेहमीचा निम्मा आकडा, नेहमीसारखा. ते पैसे त्याच्या खिशातले होते. माझे पेन्शन बंद पडले असे त्याला वाटले असणार. ते मला सांगण्याऐवजी त्याने ते चालूच असल्याचे दाखवले, आणि पुढे दर महिन्याला दाखवत राहिला. माझ्या खात्यात दोन पेन्शने येऊ लागली, एक सरकारचे आणि एक निशांतचे. मी त्याला थांबवले नाही. पहिले काही महिने रागाने थांबवले नाही, हे मला लिहिले पाहिजे. भरू दे, असे वाटायचे.

मग एका रविवारी अवनी फोनवर होती. तिचे मराठी बेताचे आहे. मी म्हटले, बाबाला दे. ती म्हणाली, "आजी, बाबा झोपला. तो वीकेंडला पण जातो ना, व्हॅनवर. लोकांचे पार्सल देतो."

"कधीपासून?"

"लास्ट इयरपासून. आजीला पैसे लागतात म्हणाला." मग आपणच काहीतरी चुकीचे बोललो असे वाटून ती म्हणाली, "म्हणजे आधी पण जॉब गेला होता ना बाबाचा, तू इंडियात गेली तेव्हा. तेव्हा घर जाणार होतं आमचं. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हते. मी इथे अग्रहारात त्याच्या नोकरीच्या बढाया मारत होते, आणि त्या फोनवर त्यालाही ऐकवत होते. "सीतालक्ष्मी डॉक्टरीणबाई सुद्धा म्हणाल्या, मुलगा असावा तर असा." हे ऐकल्यावर तो कोणत्या तोंडाने सांगणार होता? त्याने माझे पैसे घेतले ही त्याची चूक, ती मी झाकत नाही. पण नऊ वर्षांत "तुझं कसं चाललंय रे" असे विचारून उत्तरासाठी मी एकदाही थांबले नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला.

"निशांत, ते पेन्शन आता पाठवू नको."

तो म्हणाला, "आई, ते सरकार पाठवतं."

मी म्हणाले, "बरं. मग सरकारला सांग, आईला पुरे झालं. शनिवारी-रविवारी घरी राहा म्हणावं."

त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्याच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. पुढच्या महिन्यापासून त्याचे पैसे आले नाहीत. यावर आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही.

४. ठेव. निशांतने पाठवलेले ते सगळे पैसे मी वेगळ्या ठेवीत ठेवले आहेत, त्यातला रुपया खर्च केलेला नाही. ती ठेव व्याजासह निशांतची. त्याआधी नऊ वर्षे जे त्याच्याकडे राहिले, ते मीच त्याला दिले होते असे समजावे. कोणीही त्याच्याकडे मागू नये. मागण्याचा हक्क माझा होता, तो मी सोडला.

५. दागिने. माझ्या चार पाटल्या आणि मोहनमाळ रुक्मिणीबाईंना. मी जिवंतपणी देऊ केल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "वन्सं, ह्या वयात मी कुणाला दाखवू?" मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आता घ्याव्यात. घराच्या हिश्श्याचे कारणही हेच. ज्या छपराखाली मी राहिले ते त्यांनी घातले.

६. पितळी भांडी मंडी मोहल्ल्यात मोडीत काढू नयेत. ती तुरुवेकेरेच्या माझ्या भाचीला हवी असतील तर द्यावीत. नसतील तर मग मोडीत काढावीत, उगाच कोणाच्या गळ्यात मारू नयेत.

७. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील वर्षिणी यांनी करावी. नरसिंहमूर्तींना काही द्यावे अशी इच्छा होती, पण ते साक्षीदार आहेत आणि घेणार नाहीत. मी गेल्याचे पेन्शनच्या कचेरीला त्याच आठवड्यात कळवावे. जास्तीचा हप्ता आला तर परत पाठवावा.

८. भाषा. वर्षिणींनी विचारले, "मुलगा इंग्लंडमध्ये आहे तर इंग्रजीत का नाही?" इंग्रजीत तो हे एका दमात वाचून घडी घालून ठेवील. मराठी त्याला मीच शिकवले, रविवारी, लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी. अजून तो एकेक अक्षर लावत वाचतो. म्हणून हे त्याला कोणी वाचून दाखवू नये, अडला तरी सांगू नये. त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ तरी तो माझ्याजवळ बसेल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि साक्षीदारांच्या देखत सही करते. साक्षीदारांनीही माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

सही: तुंगा रणोजीराव बाबर

साक्षीदार:
१. नरसिंहमूर्ती, निवृत्त बसचालक, अग्रहार, मैसूर
२. डॉ. सीतालक्ष्मी, अग्रहार, मैसूर

स्थळ: मैसूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५